पायाला मुंग्या, खिशाला कात्री

मधुमेहात हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तर आधी काय करायचं, पैसे कुठे खर्च करायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा

रिक्षातून उतरलो, पैसे दिले आणि मंडईकडे दहा-बारा पावलं चाललो असेन. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, चप्पल!" डाव्या पायातली चप्पल रिक्षातच राहिली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. ती मुकाट पायात सरकवली आणि भाजी घेऊन घरी आलो. बायकोला काही सांगितलं नाही.

ही २०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण सापडत होते. सगळ्या वर्तमानपत्रांत लक्षणांच्या यादीत हातापायांना मुंग्या होत्याच. मला मुंग्या तर सात-आठ महिने येत होत्या, मधुमेहाला अकरा वर्षं झाली होती, आणि आता ही चप्पल. धीर सुटला. पुढच्या चार दिवसांत मी एका मोठ्या ठिकाणी १,५०० रुपये तपासणी फी, ४,५०० रुपयांची चारही हातापायांच्या नसांची तपासणी (एनसीव्ही), मान कधी दुखली नसताना ७,५०० रुपयांचा मानेचा एमआरआय आणि १,४६० रुपयांच्या 'नसांच्या' गोळ्या असे एकूण १४,९६० रुपये मोजले. या चार दिवसांत माझे मोजे कोणीही काढायला सांगितले नाहीत.

फाइल घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मोजे काढा." ट्यूनिंग फोर्क टेबलावर आपटून अंगठ्याच्या हाडावर टेकवला. उजवीकडे गुणगुण जाणवली, डावीकडे जवळपास नाहीच. मग विचारलं, "मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे?" अकरा. "अंडी, मासे काही खाता?" नाही. "बी-१२ शेवटचं कधी तपासलं?" कधीच नाही. ७५० रुपयांची तपासणी केली, आकडा आला १३८. बहुतेक प्रयोगशाळा २०० च्या खाली कमतरता धरतात. म्हणजे माझ्या मुंग्यांना निदान एक कारण असं होतं, की ज्यावर इलाज आहे आणि तो स्वस्त आहे.

तो हिशेब चुकला म्हणून हा लेख. पुढे दिलेले दर पुणे, मुंबई, नाशिकसारख्या शहरांतल्या खासगी ठिकाणांचे, अंदाजाचे आहेत. तालुक्याच्या गावी ते कमी असतात आणि पंचतारांकित रुग्णालयात दीडपट-दुप्पट. जाण्याआधी फोन करून विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कोणत्या मुंग्यांना थांबायला वेळ नाही

पैशांचा विचार बाजूला ठेवायचे प्रसंग आधी सांगतो. शरीराची एकच बाजू अचानक बधीर झाली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात समजायचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे सीटी स्कॅन असलेलं जवळचं रुग्णालय गाठायचं. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. मुंग्या काही दिवसांतच पायातून वर चढल्या, सोबत ताकद गेली, खुर्चीतून उठता येईना किंवा गिळताना ठसका लागू लागला, तर तो जीबीएस असू शकतो. त्यासाठी त्याच दिवशी भरती. दोन्ही पाय बधीर होऊन लघवी-शौचावरचा ताबा सुटला तरी तेच. आणि मधुमेहीच्या पायाला जखम होऊन पू, वास, काळेपणा किंवा ताप दिसला, तर उद्यावर टाकायचं नाही.

बाकीच्या मुंग्या आठवडा-दोन आठवडे शांतपणे विचार करायला वेळ देतात. मधुमेहाने नसा दुखावतात तेव्हा त्याची एक ठरलेली चाल असते. सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते, कारण शरीरातल्या सर्वांत लांब नसा तिथे संपतात. मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ते तळवा, घोटा, पोटरी असं मोज्यासारखं वर सरकतं. रात्री त्रास वाढतो, तळपायाची आग होते, चादरीचा स्पर्शही नको वाटतो. कोणाला कापसावरून चालल्यासारखं वाटतं. पायातलं हे गुडघ्याच्या आसपास आलं की मग हाताच्या बोटांची पाळी येते.

म्हणून पाय ठणठणीत आणि मुंग्या फक्त हातात, असं असेल तर मधुमेहाला दोष देण्याआधी मनगट आणि मान बघायची. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री बधीर होतात, हात झटकला की बरं वाटतं, हे मनगटातली नस दबल्याचं लक्षण आहे. त्याला कार्पल टनेल म्हणतात आणि ते मधुमेहींमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतं. सुरुवातीला रात्री बांधायचा मनगटाचा पट्टा पुरतो. तो २५० ते ६०० रुपयांत औषधाच्या दुकानात मिळतो.

आणखी एक शक्यता महाराष्ट्रात विसरून चालणार नाही. अंगावर एखादा फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेवढीच जागा बधीर असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. चंद्रपूर, गडचिरोली, पालघर या भागांत तर नक्कीच. तपासणी फुकट, औषध फुकट आणि वेळेत घेतलं तर आजार पूर्ण बरा.

फुकटातली तपासणी

इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या मधुमेहतज्ज्ञांनी एक युक्ती काढली, तिला यंत्रही लागत नाही आणि पैसाही नाही. पलंगावर पाय पसरून आडवं व्हायचं आणि डोळे मिटायचे. घरातल्या कोणीतरी तर्जनीच्या टोकाने पायाच्या बोटाला अलगद स्पर्श करायचा. एक-दोन सेकंदच, दाबायचं नाही, टोचायचं नाही, गुदगुल्या तर नाहीतच. उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट आणि डावं मधलं बोट, असे एकूण सहा स्पर्श. जाणवलं की "उजवा" किंवा "डावा" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाची जाणीव कमी झालीय असं धरून डॉक्टरांकडे जायचं. न कळलेल्या जागी पुन्हा हात लावून "आता? आता?" असं विचारत बसायचं नाही, त्याने निकाल बिघडतो.

मी हे घरी केलं तेव्हा डावीकडचे दोन चुकले. बायको म्हणाली, "मी हातच लावला नव्हता का?" लावला होता.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मुंग्या येणं त्रासदायक असतं, पण मुंग्या थांबून पाय गप्प होणं जास्त धोक्याचं असतं. "आता काही त्रास नाही" म्हणून खूश होणाऱ्या कितीतरी लोकांच्या पायाची जाणीवच गेलेली असते.

पहिले तीन-चार हजार कुठे घालायचे

फॅमिली डॉक्टरांची फी २०० ते ५००, मधुमेहतज्ज्ञ किंवा फिजिशियनची ६०० ते १,५००, न्यूरॉलॉजिस्टची १,००० ते २,०००. खालच्या पायरीपासून सुरुवात करा. वर थेट उडी मारली की तपासण्याही वरच्याच सुरू होतात, हे मी पैसे मोजून शिकलो. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, "पाय तपासतात ना?" टाइप २ मधुमेह असेल तर निदान झाल्याच्या वर्षापासून आणि टाइप १ असेल तर पाच वर्षांनंतर, दर वर्षी एकदा पायाची तपासणी व्हायला हवी. त्याला साधनं लागतात तीन-चार: ट्यूनिंग फोर्क, टाचणी, घोट्यावर ठोकायचा छोटा हातोडा आणि मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा तंतू. हा तंतू १० ग्रॅम दाबाला वाकतो. तो तळव्यावर टेकवून वाकवला आणि तुम्हाला कळलं नाही, तर त्या जागी चप्पलेतला खडाही कळणार नाही.

या तंतूमागे आपल्या देशातली एक जुनी कामगिरी आहे. डॉ. पॉल ब्रँड हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर काम करत होते. बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना न कळल्यामुळे झालेल्या भाजण्या-कापण्याने आणि घासण्याने ती जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात हेच शहाणपण मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं गेलं. तुमच्या डॉक्टरांच्या खणातला तो तंतू मधुमेहींच्या पायांपर्यंत असा कुष्ठरोगाच्या दवाखान्यातून आला.

रक्ताकडे येऊ. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ४०० ते ६५० रुपये, बी-१२ ६०० ते १,२००, थायरॉइडची टीएसएच २५० ते ४५०, क्रिएटिनिन १५० ते ३००, हिमोग्राम २५० ते ४००, आणि मूत्रपिंडासाठी लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण ४०० ते ७००. सगळं सुटं केलं तर २,०५० ते ३,७०० रुपये होतात. यातली एचबीएवनसी गेल्या तीन महिन्यांत झाली असेल तर पुन्हा करू नका. तो आकडाच तीन महिन्यांच्या सरासरीचा असतो आणि दोनदा पैसे देऊन तुमच्या नसा सुधारत नाहीत.

पॅकेजचं काय? '८५ तपासण्या फक्त १,४९९' अशा जाहिरातीत एकट्या हिमोग्रामचे वीस-बावीस आकडे वेगवेगळ्या तपासण्या म्हणून मोजलेले असतात. पॅकेज वाईटच असतं असं नाही, कधी कधी सुट्यापेक्षा स्वस्त पडतं. फक्त यादीत बी-१२ आहे का हे बोट ठेवून बघा. ते बहुतेक वेळा एक पायरी महागड्या पॅकेजात सरकवलेलं असतं.

बी-१२ वर मी एवढा का अडून बसलोय? मेटफॉर्मिन हे उत्तम औषध आहे, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर ते काही जणांत आतड्यातून बी-१२ शोषू देत नाही. वर आपल्याकडे शाकाहार, आणि बी-१२ निसर्गात मिळतं ते जवळजवळ सगळं दूध-दही, अंडी, मासे आणि मांसातून. पाण्यासारखं पातळ ताक पिऊन ते भरून निघत नाही. बी-१२ कमी झालं की मुंग्या अगदी मधुमेहासारख्याच येतात आणि दोन्ही कारणं एकाच पायात सुखाने नांदू शकतात. वेळेत भरून काढलं तर सुधारणा होते, वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलं तर नुकसान कायमचं राहू शकतं. मात्र हे वाचून मेटफॉर्मिन बंद करू नका. साखर वाढेल आणि नसांना दुसरीकडून मार बसेल.

तपासणीआधीच्या दोन खबरदाऱ्या पैसे वाचवतात. बी-१२ चं इंजेक्शन किंवा गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या. आठवडाभर गोळ्या खाऊन मग तपासलं तर आकडा छान येतो आणि निदान हुकतं. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर प्रयोगशाळेला सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस त्या थांबवा. बायोटिनमुळे टीएसएच आणि बी-१२ चे आकडे काही यंत्रांवर चुकीचे येतात.

यंत्रांची रांग

बायोथेसिओमीटर हे कंपन मोजणारं यंत्र. तपासणीला ३०० ते ८०० रुपये पडतात, दहा मिनिटांत होते आणि निकाल व्होल्टमध्ये मिळतो. २५ व्होल्टच्या वर गेलात तर पायाला जखम होण्याचा धोका जास्त. ही तपासणी 'मोफत न्यूरोपॅथी शिबिर' म्हणून गल्लोगल्ली होते, बहुधा एखाद्या औषध कंपनीच्या खर्चाने. जरूर जा, कागद घेऊन या, पण तिथे लगेच लिहून दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दुकानात नेऊ नका. हे यंत्र नस किती दुखावलीय ते सांगतं, कशामुळे ते सांगत नाही.

एनसीव्हीला दोन पायांचे १,५०० ते ३,०००, चारही हातापायांचे २,५०० ते ५,००० रुपये. त्यात विजेचे छोटे झटके देऊन नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजतात. तपासणी खरी आहे, पण ती फक्त जाड नसा मोजते. आग, जळजळ, मुंग्या यांची सुरुवात बारीक नसांपासून होते, त्यामुळे त्रास भरपूर आणि एनसीव्ही नॉर्मल असं सर्रास होतं. मग रुग्णाला वाटतं आपण उगाच कुरकुर करतोय. मधुमेहाची नेहमीची चाल असेल तर एनसीव्हीची गरज बहुतेक वेळा नसते. कधी असते? एकाच पायाला किंवा फक्त हातांना त्रास असेल, मुंग्यांपेक्षा अशक्तपणा जास्त असेल, सगळं फार झपाट्याने वाढत असेल किंवा मनगटाची नस दबल्याचा संशय असेल, तेव्हा. तेव्हा हे पैसे वाचवू नका.

मानेचा एमआरआय ५,००० ते ९,०००. मानेतून हातात कळ उतरत असेल, बटणं लावताना हात अडखळत असतील, चाल डगमगत असेल तर तो हवाच. यातलं काहीच नसेल तर "मॅडम, यातून काय ठरणार आहे?" एवढा एक प्रश्न विचारा. साठीच्या पुढे बहुतेकांच्या मानेत काही ना काही झिजलेलं दिसतंच, आणि मग त्या झिजेचाही एक नवा खर्च सुरू होतो. पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर एका पायाचा १,५०० ते ३,०००. चालताना पोटऱ्या आवळत असतील आणि थांबलं की बरं वाटत असेल, पाय गार पडत असेल, जखम भरत नसेल तर तो महत्त्वाचा. नुसत्या मुंग्यांसाठी नाही.

खासगी रुग्णालयांनी प्रमुख सेवांचं दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी, असा नियम महाराष्ट्रात २०२१ पासून आहे. ते भिंतीवर दिसलं नाही तर काउंटरवर मागा. प्रत्येक पैशाचं तपशीलवार बिल घ्या. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

गोळ्यांचा हिशेब

इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो, कारण तो थोडा थोडा जातो. दुखऱ्या नसांसाठी मुख्य औषधं तीन-चारच: प्रीगॅबॅलिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन आणि जुनं, स्वस्त ॲमिट्रिप्टिलिन. ही आग आणि कळ कमी करतात. नस दुरुस्त करत नाहीत, बधिरपणा घालवत नाहीत. ज्याला त्रास फक्त बधिरपणाचा आहे त्याने महिन्याला सहाशे-सातशे रुपये यावर घालण्यात अर्थ नाही. ज्याची रात्रीची झोप जातेय त्याने मात्र जरूर घ्यावीत.

प्रीगॅबॅलिनच्या ब्रँडेड दहा गोळ्यांची पट्टी साधारण १०० ते २५० रुपयांना येते, त्यात मिथाइलकोबालामिन (बी-१२ चाच एक प्रकार) मिसळलं की वरच्या टोकाला. जनऔषधी केंद्रात तेच औषध अनेकदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. डॉक्टरांना मूळ औषधाचं नाव लिहायला सांगा, नाहीतर केंद्रावरचा माणूस तुमच्या ब्रँडकडे नुसता बघत राहतो. पहिल्यांदा लिहून दिलं असेल तर महिन्याभराचं घेऊच नका, पट्टी कापून सात दिवसांचं घ्या. कोणाला गुंगी येते, कोणाचे पाय सुजतात, आणि उरलेल्या गोळ्या दुकानदार परत घेत नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी लागते, म्हणून तो अहवाल डॉक्टरांना दाखवा. आणि ही गोळी एकदम बंद करायची नाही, हळूहळू कमी करायची. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा बिलावर नजर ठेवा.

आता त्या चकचकीत 'नर्व्ह' गोळ्या. अल्फा लिपोइक ॲसिड, बेनफोटिअॅमिन, सगळी बी जीवनसत्त्वं, कधी क्रोमियम, एकाच कॅप्सूलमध्ये. दहांची किंमत १५० ते ४०० रुपये, म्हणजे वर्षाला साडेपाच ते साडेचौदा हजार. रक्तात कमतरता नसताना यांचा ठोस उपयोग होतो असा पुरावा कमकुवत आहे. शिवाय बी-६ भरपूर मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर तेच नसा बिघडवतं आणि मुंग्या आणतं. माझ्या १,४६० रुपयांच्या पुड्यात असंच मिश्रण होतं. त्यात बी-१२ होतंही, पण किती आणि किती दिवस घ्यायचं ते ठरवायला आधी आकडा हवा होता. कमतरता असेल तर नुसत्या बी-१२ चं इंजेक्शन ३० ते १०० रुपयांना मिळतं, टोचायचे ५०-१०० वेगळे. माझा इंजेक्शनांच्या पहिल्या टप्प्याचा सगळा खर्च एक हजाराच्या आत बसला.

साखर आटोक्यात आणणं हा खरा उपचार, हे वेगळं सांगायला नको. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. फार वाढलेली साखर दोन-तीन महिन्यांत झपकन खाली आणली तर काही जणांच्या पायांची आग आधी वाढते. "औषधाने बिघडलं" म्हणून इन्सुलिन सोडू नका. डॉक्टरांना सांगा, वेग ते ठरवतील.

काशाची वाटी, शेक आणि तेल

तळपायाची आग झाली की आपल्या घरात पहिल्यांदा काशाची वाटी निघते. तूप-तेल लावून हलक्या हाताने चोळलं तर बरं वाटतं, झोप लागते, खर्च नाही. माझा याला काहीच विरोध नाही. पण हल्ली दुकान थाटून बसलेली काशाच्या थाळीची यंत्रं पंधरा मिनिटांचे १०० ते २०० रुपये घेतात आणि पाय काळे झाले की "बघा, उष्णता बाहेर आली" म्हणतात. तो काळेपणा थाळीच्या धातूचा आणि तेलाचा आहे. मधुमेह त्यातून बाहेर पडत नाही. बधीर पायाला यंत्राची घासण कळत नाही, आणि कातडी सोलवटली की खरा खर्च सुरू होतो.

गरम पाण्यात पाय बुडवून बसणं, विटेचा शेक, विजेची शेकपिशवी या तिन्ही गोष्टी बधीर पायाला वर्ज्य. पाणी किती गरम आहे हे पायाने नाही, कोपराने बघा. उन्हाळ्यात देवळाच्या अंगणातल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्याला फोड आणणारे मधुमेही दर वर्षी डॉक्टरांकडे येतात. देवळात सुती मोजे घालून जा, देव रागावत नाही. आणि कुरूपासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या त्या वीस-तीस रुपयांच्या पट्ट्या लावू नका. त्यातलं ॲसिड कुरूप आणि चांगली कातडी यांत फरक करत नाही.

चप्पल, आरसा आणि सरकारी दार

जाणीव कमी झालेली असेल तर सर्वांत उपयोगी खर्च पायात घालायचा आहे. मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली सँडल ४०० ते ८०० रुपयांना मिळते. हे रबर कुष्ठरुग्णांच्या चपलांमधूनच सर्वांना ठाऊक झालं. 'डायबेटिक फुटवेअर' अशी पाटी लागली की तीच वस्तू दीड-अडीच हजारांना जाते. पाटीचे पैसे देऊ नका. पायाचा आकार बदलला असेल किंवा आधी जखम होऊन गेली असेल, तरच मापाने बनवलेल्या आतल्या तळव्याचे अडीच ते सहा हजार सार्थकी लागतात. चप्पल संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. अंगठ्यात अडकवायची स्लिपर नको, ती कधी निघून जाते ते कळत नाही. माझ्यावर विश्वास ठेवा.

सोबत शंभर रुपयांचा एक हात-आरसा घ्या आणि रोज रात्री तळवे बघा. पायाची चिघळलेली जखम रुग्णालयात गेली की बिल बघता बघता लाखाच्या घरात जातं.

पैसा नसेल तर काय, हा प्रश्न बहुतेकांचा आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. पुण्याच्या ससूनसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात नाहीत, तिथे थोडं शुल्क पडतं, पण न्यूरॉलॉजीचे डॉक्टर तिथेच भेटतात. आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन मिळतं. बी-१२ ची तपासणी तिथे होईल का, हे आधी विचारून जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते रुग्णालयातल्या ठरावीक उपचारांसाठी. मुंग्यांच्या बाह्यरुग्ण तपासण्या त्यात बसत नाहीत. पायाची शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा.

खासगी विम्याचंही तसंच, ओपीडीचा वेगळा भाग घेतला नसेल तर यातलं काही मिळत नाही. नवी पॉलिसी घेताना मधुमेह लपवू नका. १ एप्रिल २०२४ पासून जुन्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त ३६ महिने आहे. जुन्या करप्रणालीत असाल तर आरोग्य विम्याच्या वजावटीच्या मर्यादेत प्रतिबंधक तपासण्यांचे ५,००० रुपयांपर्यंत दाखवता येतात, म्हणून वर सांगितलेल्या रक्ताच्या पावत्या फेकू नका.

माझं सांगायचं तर बी-१२ आता साडेचारशेच्या वर आहे. बोटांतल्या मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, डाव्या अंगठ्याची जाणीव आली नाही आणि ती येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. त्या १४,९६० रुपयांपैकी एकाही रुपयाने यात फरक पडला नाही.

पुढच्या भेटीला बूट घालून जाऊ नका. सहज निघेल अशी पट्ट्याची चप्पल घालून जा आणि खुर्चीवर बसण्याआधी ती काढून ठेवा. डॉक्टरांनी तरीही खाली पाहिलं नाही, तर सरळ सांगा, "पाय दाखवायला आलोय."